"तुम्हाला काही विचारायचंय?": सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत उमेदवाराने काय विचारावं

सॉफ्टवेअरच्या मुलाखतीत शेवटची पाच-दहा मिनिटं उमेदवाराची असतात. समोरचा विचारतो, "तुम्हाला काही विचारायचंय?" आणि महिनाभर सिस्टिम डिझाइन घोकून आलेला माणूस म्हणतो, "नाही, सगळं क्लिअर आहे." किंवा "कल्चर कसं आहे?" असं विचारतो, "खूप छान" हे उत्तर ऐकतो आणि कॉल संपतो. पुढे नोटीस पिरियड बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांचा. चुकीच्या जागी आलो हे दुसऱ्याच आठवड्यात कळलं, तरी तिथून सुटायला निम्मं वर्ष जातं.

मी मुलाखती दिल्यात आणि आता घेतोही. नेमका प्रश्न विचारल्यामुळे कोणाची नोकरी हुकल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट दोन उमेदवार सारखेच वाटत असले, तर कामाबद्दल खोलात विचारणारा लक्षात राहतो.

1. आधी घरी बसून: नोकरी का बदलताय ते लिहा

इंटरनेटवरून पन्नास प्रश्नांची यादी उतरवून नेऊ नका. कागदावर तीनच गोष्टी लिहा: आत्ताच्या कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो, पुढच्या दोन वर्षांत काय शिकायचंय आणि घरची कोणती अडचण सोडवणं शक्यच नाही. रात्री अकराच्या कॉल्सना कंटाळला असाल, तर तुमचा पहिला प्रश्न वेळेचा. चार वर्षं दुसऱ्यांच्या जुन्या कोडमधले बग सोडवण्यात गेली असतील, तर नवं काम किती आणि मेंटेनन्स किती, हा. आईवडील सांगलीत असतील आणि महिन्यातून आठवडाभर तिकडून काम करायचं असेल, तर "हायब्रिड" या शब्दाचा त्या कंपनीतला अर्थ, हा.

मग जाहिरात आणि कंपनीची वेबसाइट वाचा. तिथे जे लिहिलंय ते पुन्हा विचारण्यात मिळालेली मिनिटं घालवू नका.

2. कोणाला काय विचारायचं ते वाटून घ्या

एचआरला कोड रिव्ह्यूबद्दल (एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने तपासणं) विचारून उपयोग नाही आणि डेव्हलपरला ग्रॅच्युइटीबद्दल. ज्यांच्याबरोबर रोज काम करायचंय अशा डेव्हलपरला रोजच्या कामाचं विचारा. मॅनेजरला माणसांचं विचारा: ही जागा का निघाली, प्रमोशन कसं ठरतं. त्याच्या वरच्याला पैशांचं आणि दिशेचं: या प्रॉडक्टमधून कंपनी कमावते कशी, पुढच्या वर्षी या टीमचं बजेट वाढणार की घटणार. पगार, रजा, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार), विमा हे एचआरचं खातं, आणि त्याची वेळ ऑफरच्या सुमारास.

एक प्रश्न मात्र मुद्दाम दोघांना विचारा: "पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे?" मॅनेजर म्हणाला "नवं मॉड्यूल उभं करायचंय" आणि टीममधला म्हणाला "सपोर्टचे टिकेट्स फार साचलेत, तेवढे संपले तरी पुरे", तर तुमचं काम अजून ठरलेलंच नाही.

3. मत विचारू नका, शेवटचा प्रसंग विचारा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा. जोएल स्पोल्स्की या अमेरिकन प्रोग्रामरने 2000 साली चांगली टीम ओळखायला हो-नाहीतल्या बारा प्रश्नांची चाचणी मांडली होती. व्हर्जन कंट्रोल (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) वापरता का, एका टप्प्यात बिल्ड होतं का, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार होतं का, टेस्टर आहेत का, असे प्रश्न. त्या काळी या प्रश्नांनी टीम उघडी पडायची. आज "ऑटोमेटेड टेस्ट्स आहेत का?" विचारलं की सगळीकडे "हो" येतं, मग त्या टेस्ट्स वर्षभर कोणी चालवल्या नसल्या तरी. "वर्क-लाइफ बॅलन्स कसा आहे?" याचंही तेच.

म्हणून प्रश्नात "शेवटचं" आणा. मत कोणीही गोड देतो, पण घडलेला प्रसंग ऐनवेळी रचणं अवघड असतं. माझा सगळ्यात आवडता प्रश्न हा (प्रॉडक्शन म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम): "प्रॉडक्शन शेवटचं कधी बंद पडलं होतं, आणि तेव्हा काय काय झालं?"

समजा, एकीकडे असं उत्तर आलं: "गेल्या महिन्यात पेमेंटचं पान अर्धा तास बंद होतं. वेबसाइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत संपली होती. ऑन-कॉलवाल्याला, म्हणजे बिघाड बघायची पाळी असलेल्याला, अलर्ट गेला, त्याने मला उठवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुपारी आलो. आता मुदत संपायच्या तीस दिवस आधीच अलर्ट येतो."

दुसरीकडे असं: "आमच्याकडे सहसा असं होत नाही. टीम फार डेडिकेटेड आहे, वेळ पडली तर सगळे थांबतात."

पहिल्या उत्तरातून न विचारता किती कळलं बघा. ऑन-कॉलची पाळी ठरलेली आहे, ज्याच्यावर पाळी आहे तो एकटा पडत नाही, रात्री जागलेल्याला सकाळी सूट मिळते आणि कोणाला झापलं यापेक्षा काय बदललं ते त्यांच्या लक्षात आहे. दुसऱ्या उत्तरात पाळीचा उल्लेखच नाही. "सगळे थांबतात" म्हणजे तुम्हीही थांबणार. तिथे शांतपणे पुढचा प्रश्न टाका: "शेवटचं असं सगळ्यांना कधी थांबावं लागलं होतं?"

याच घडणीचे आणखी प्रश्न (पुल रिक्वेस्ट म्हणजे आपला बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती):

- "एखादी छोटी दुरुस्ती, म्हणजे बटणावरचा मजकूर बदलणं वगैरे, पुल रिक्वेस्ट टाकल्यापासून ग्राहकापर्यंत पोचायला अलीकडे किती वेळ लागला?"
- "तुमच्या स्वतःच्या शेवटच्या पुल रिक्वेस्टवर कोणी काय म्हटलं होतं?"
- "टीममध्ये शेवटचं प्रमोशन कशाच्या जोरावर मिळालं?"
- "टीममधून शेवटचं कोणी गेलं ते का? ही जागा त्याचीच आहे की नवी?"
- "मुदतीत काम होणार नाही असं दिसल्यावर शेवटच्या वेळी काय केलंत?"

यातला पहिला प्रश्न दिसतो तितका साधा नाही. उत्तर एक-दोन दिवस असेल, तर टेस्ट्स खरोखर चालतात आणि रिलीज यंत्रावर सोपवलेलं आहे. तीन आठवडे असेल, तर मधे मंजुऱ्यांची रांग आणि शनिवारी रात्रीची रिलीजं असण्याची शक्यता धरा. गूगल क्लाउडचा डोरा हा संशोधन गट टीमची कामगिरी मोजताना साधारण हाच कालावधी बघतो. जोडीला रिलीज किती वेळा होतं, त्यातली किती फसतात आणि बिघाड सावरायला किती वेळ लागतो. अर्थात बँकेच्या किंवा विम्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन आठवड्यांना रास्त कारणं असू शकतात. ती कारणं त्या माणसाला सांगता येतात का, ते ऐका.

हल्ली एक प्रश्न नव्याने घालावा लागतो: "कोड लिहायला एआय टूल्स वापरायची मुभा आहे का, आणि त्यातून आलेला कोड कोण तपासतं?" बंदी असो वा मोकळीक, दोन्ही चालेल. पण त्यावर कोणी विचारच केला नसेल, तर रिव्ह्यूची स्थिती काय असेल ते ओळखा.

4. कंपनीचा प्रकार बघून प्रश्न बदला

सर्व्हिस कंपनीत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या कंपनीत, तुमचं आयुष्य कंपनीपेक्षा प्रोजेक्ट ठरवतो. म्हणून विचारा: ही भरती सही झालेल्या प्रोजेक्टसाठी आहे की येऊ घातलेल्या? क्लायंटची वेगळी मुलाखत होणार का, आणि त्यात नापास झालो तर? पहिल्या दिवसापासून बिलेबल असेन का, म्हणजे माझ्या कामाचे पैसे क्लायंट देणार का? बेंचवर (प्रोजेक्टविना) किती दिवस ठेवतात आणि नंतर काय करतात? जाहिरातीत जावा असतं आणि हातात मेनफ्रेमचा (जुन्या, मोठ्या संगणकांचा) सपोर्ट येतो, हे पुण्याच्या हिंजवडीत कोणालाही विचारा. त्यामुळे प्रोजेक्टची टेक्नॉलॉजी तोंडी न ठेवता ईमेलवर घ्या.

परदेशी कंपनीच्या इथल्या केंद्रात, म्हणजे बाणेर-खराडीत ज्यांना सगळे जीसीसी (ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर) म्हणतात तिथे, पगार बरा असतो. प्रश्न असतो निर्णयांचा. "काय बनवायचं हे शेवटच्या वेळी कुठे ठरलं, इथे की तिकडे?" हे विचारा. मोठं डिझाइन तिकडे आणि बारीकसारीक टिकेट्स इकडे असा प्रकार असेल, तर दोन वर्षांनी तुमच्या रेझ्युमेवर सांगण्यासारखं फार काही नसेल.

स्टार्टअपमध्ये बिनदिक्कत विचारा: "सध्याच्या खर्चाने हातातला पैसा किती महिने पुरेल?" हा आकडा माहीत असणं तुमचा हक्क आहे. संस्थापक या प्रश्नावर रागावला, तर तेही उत्तरच.

वेळेबद्दल "फ्लेक्सिबल आहे" यावर थांबू नका. "रोजचा शेवटचा ठरलेला कॉल भारतीय वेळेनुसार किती वाजता असतो, आणि नोव्हेंबरनंतर किती वाजता?" अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे घेतात. कॅलिफोर्नियातला सकाळी नऊचा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला येतो, हिवाळ्यात साडेदहाला. जुलैत मुलाखत दिलेल्याला हे डिसेंबरात कळतं.

स्त्री उमेदवारांनी उशिराच्या शिफ्टबद्दल संकोच न करता विचारावं. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येतं, आणि सुरक्षेची व घरापर्यंत पोचवण्याची सोय कंपनीने करायची असते. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोयही 2017 पासून कायद्याने बंधनकारक आहे. कॅब दारापर्यंत येते की हायवेवर सोडते, पाळणाघर किती लांब आहे, हे एचआरकडून नेमकं काढून घ्या.

5. ऑफरच्या वेळी: आकडा फोडून मागा

"सीटीसी बारा लाख" (सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ऐकलं की मन लगेच महिन्याला लाख धरतं. हिशोब करून बघू. बारा लाखांत दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा भाग), म्हणजे 1,20,000 बाजूला. बेसिक चाळीस टक्के धरलं तर 4,80,000. त्यावर कंपनीचा पीएफ बारा टक्क्यांनी 57,600 आणि ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी 23,088. बहुतेक कंपन्या दोन्ही सीटीसीतच धरतात. उरले 9,99,312. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी 57,600. हातात महिन्याला साधारण 78,500, आणि त्यातूनही प्रोफेशनल टॅक्स व इन्कम टॅक्स जायचाच. पीएफ तुमचाच पैसा आहे, त्याचं दुःख नाही. ग्रॅच्युइटी मात्र कायमच्या नोकरीत सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षं काढल्यावरच मिळते. दोन-तीन वर्षांत बदलणार असाल, तर तो आकडा तुमचा धरू नका.

म्हणून एचआरला विचारा: व्हेरिएबल गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात किती टक्के मिळालं? महिन्याचा हातात येणारा आकडा लिहून द्याल का? जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडल्यास परत द्यायचा असेल, तर टॅक्स कापून मिळालेली रक्कम परत करायची की पूर्ण? शेअर ऑप्शन्स (ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर घेण्याचा हक्क) देत असतील तर ते किती वर्षांत हाती येतात, आणि नोकरी सोडल्यावर ते घ्यायला किती दिवस मिळतात?

बाँड असेल तर सही करण्याआधी वाचा. "कोर्टात टिकत नाहीत हो असले बाँड" असं सांगणारे बरेच भेटतील. पण 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये भरा, ही अट वैध ठरवली. म्हणजे सगळेच बाँड टिकतील असं नाही, पण डोळे झाकून सही करू नये. रक्कम किती, मुदत किती आणि त्या बदल्यात कंपनी नेमकं कोणतं प्रशिक्षण देणार, हे तिन्ही विचारा.

फ्रेशर्सना माझं एकच कळकळीचं सांगणं: जॉइनिंगची तारीख लेखी मागा. 2022 मध्ये ऑफर मिळालेल्या कित्येक मुलांना आयटी कंपन्यांनी महिनोन्महिने ताटकळत ठेवलं, काहींना दोन वर्षांच्या वर. तारीख देत नसतील, तर बाकीच्या मुलाखती थांबवू नका.

6. वेळ कमी असेल तर

दोनच विचारा: प्रॉडक्शन बंद पडल्याचा आणि ही जागा का निघाली याचा. मुलाखती बहुधा इंग्रजीत होतात, तेव्हा प्रश्न घरी त्याच भाषेत मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे ऐनवेळी अडखळायला होत नाही. वही समोर ठेवून उत्तरं टिपून घेतलीत तरी कोणी वाईट मानत नाही. फक्त टिपताना समोरच्याचे शब्द जसेच्या तसे घ्या. "फास्ट-पेस्ड", "फॅमिलीसारखं", "अनेक टोप्या घालाव्या लागतात" (म्हणजे एकट्याने अनेक भूमिका) हे शब्द घरी जाऊन पुन्हा वाचले की वेगळे दिसतात.

ऑफर हातात आली की सही करण्याआधी एक शेवटची विनंती करा: "ज्या टीममध्ये येणार आहे, त्यातल्या मुलाखत न घेतलेल्या एकाशी पंधरा मिनिटं बोलता येईल का?" बऱ्याच कंपन्या जोडून देतात. नाही म्हणाले, तर लिंक्डइनवर त्या टीममधून वर्षभरात बाहेर पडलेला कोणी शोधा आणि दोन ओळींचा नम्र मेसेज टाका. आपली माणसं अशा वेळी मोकळेपणाने बोलतात. त्याला "कंपनी कशी आहे?" असं विचारू नका. "तुमचा तिथला साधा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जायचा?" एवढंच विचारा, आणि मधे न बोलता ऐका.