दोन-तीन खोल्यांत फ्री डिश : छत्री आणण्याआधीची तयारी

दूरदर्शनची फुकट डीटीएच सेवा, म्हणजे फ्री डिश, घ्यायची ठरली की बहुतेक जण आधी छत्री नि बॉक्स घेऊन येतात, आणि आतल्या खोलीतल्या टीव्हीचं काय करायचं हा प्रश्न मग निघतो. क्रम उलटा हवा. एका टीव्हीसाठी हे सगळं अर्ध्या दिवसात उरकतं. पण हॉल, बेडरूम आणि आजीची खोली असं तीन ठिकाणी जायचं असेल तर खरं काम वायरचं आहे, आणि ते घराला रंग लागण्याआधी कागदावर झालेलं बरं. पैशांची बाब छोटी आहे. महिन्याचं भाडं शून्य, आणि छत्री-बॉक्स मिळून एकदाच होणारा खर्च सुमारे २००० रुपये, असं सरकारी माहितीतच दिलेलं असतं. खोल्या वाढल्या की वाढतात ते बॉक्स आणि वायरचे मीटर.

कागदावर सगळ्यात आधी घरच्यांना विचारून हे लिहा: प्रत्येक खोलीत वेगळी वाहिनी हवी, की सगळीकडे एकच चालेल? एकच चालणार असेल तर एका बॉक्सला एचडीएमआय स्प्लिटर (एका जोडणीच्या दोन करणारी डबी) लावून दुसऱ्या टीव्हीला चित्र नेता येतं. स्वस्त पडतं, पण वाहिनी बदलायला हॉलमध्ये यावं लागतं. आजीची सह्याद्रीवरची बातमी आणि नातवाचा सामना एकाच वेळी असेल, तर ही बचत आठवडाभरसुद्धा टिकत नाही. वेगळी वाहिनी हवी म्हणजे प्रत्येक टीव्हीला स्वतःचा बॉक्स, आणि प्रत्येक बॉक्सपर्यंत छत्रीचा सिग्नल.

इथे फ्री डिशची एक सोय आपल्या कामी येते. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचमध्ये बॉक्स वाहिनीप्रमाणे एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर बसणाऱ्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला, कधी १३ व्होल्ट देतो, कधी १८. तेरा म्हणजे उभ्या लहरी, अठरा म्हणजे आडव्या. दोन बॉक्स एकाच वायरवर असले आणि दोघांनी वेगवेगळं मागितलं की एकाचं चित्र जातं. फ्री डिशच्या वाहिन्या उभ्या लहरींवर आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या खालच्या पट्ट्यात आहेत, त्यामुळे सगळे बॉक्स एलएनबीकडे एकच गोष्ट मागतात. म्हणून एकाच वायरवर साधा स्प्लिटर टाकून दोन-तीन खोल्या चालवता येतात.

साधा म्हणजे घरात पडलेला कोणताही मात्र नव्हे. जुन्या केबलच्या जोडणीतला स्प्लिटर हातात घ्या आणि त्यावर बारीक अक्षरात छापलेलं वाचा: ५ ते १००० मेगाहर्ट्झ. आता हिशेब करा. फ्री डिशची एक फ्रिक्वेन्सी ११०९० आहे. एलएनबी त्यातून ९७५० वजा करून उरलेलं वायरमध्ये सोडतो, म्हणजे १३४०. हजारापर्यंतचा स्प्लिटर ते नीट पुढे जाऊच देत नाही, आणि माणूस उन्हात गच्चीवर छत्री फिरवत बसतो. ५ ते २४०० किंवा ९५० ते २४०० छापलेला घ्या, आणि त्यावर ‘पॉवर पास’, म्हणजे बॉक्सकडची वीज एलएनबीकडे जाऊ देण्याची सोय, किती तोंडांना आहे तेही बघा. एकाच तोंडाला असेल तर त्या खोलीतला बॉक्स बंद केला की बाकीच्या खोल्याही गेल्या, कारण एलएनबीला वीज तिथूनच मिळत होती. सगळ्या तोंडांना पॉवर पास असलेला थोडा महाग पडतो, पण तोच घ्या.

तरीही माझं मत विचाराल तर, जिथे दोन वायरी आणायला जागा आहे तिथे दोन तोंडांचा एलएनबी, तीन-चार खोल्यांना चार तोंडांचा, आणि प्रत्येक खोलीला छत्रीपासून थेट स्वतःची वायर. स्प्लिटरमध्ये सिग्नलचा काही भाग जातोच, आणि तो भाग जुलैच्या पावसात लागतो. स्प्लिटर ठेवावा तो डक्टमधून एकच वायर येऊ शकते अशा घरासाठी. ठाण्यातल्या जुन्या इमारतींत ही अडचण फार, सिडकोच्या रो-हाऊसमध्ये जवळजवळ नाहीच.

मग जागा. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्याकडून ती दिशा आग्नेय: ठाण्याहून कर्जत ज्या बाजूला, वाशीहून खोपोली ज्या बाजूला, तिकडे तोंड करायचं आणि क्षितिजापासून साधारण ५७ अंश वर बघायचं. एवढ्या उंचीवर पारसिकचा डोंगर अडवत नाही. घोडबंदरच्या टॉवरची भीतीही वाटते तेवढी खरी नसते. समोरची इमारत २० मीटरवर असेल तर ती तुमच्या छत्रीच्या पातळीपासून तीसेक मीटर, म्हणजे दहा मजले वर गेलेली असली तरच आड येते. जास्त नडतो तो स्वतःच्याच डोक्यावरचा स्लॅब. बाल्कनीत लावायचीच असेल तर ती बाल्कनी आग्नेयेकडे उघडणारी हवी, आणि छत्री जितकी कठड्यालगत आणि खाली, तितका वरच्या बाल्कनीचा अडथळा कमी. झाडही बघून घ्या. मे महिन्यात निष्पर्ण दिसलेलं झाड ऑगस्टमध्ये गच्च भरतं.

कंपास नसेल तर सूर्य आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास सूर्य आकाशात जवळजवळ याच उपग्रहाच्या जागी येतो. त्या वेळी जिथे थेट ऊन पडतं, तिथे सिग्नल पडतो; जिथे सावली, तिथे छत्री लावू नका. (त्याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र तुटतं, ते सूर्यामुळे. बॉक्स खोलत बसू नका.)

गच्ची सोसायटीची आहे, म्हणून कमिटीला दोन ओळींचा अर्ज द्या आणि होकार लेखी घ्या. सेक्रेटरी पुढच्या वर्षी बदलतात. अर्जातच लिहा की स्लॅबला होल मारणार नाही. वॉटरप्रूफिंगला छेद गेला आणि पावसात गळती निघाली, तर वरच्या मजल्यावरचे तुमच्याच छत्रीकडे बोट दाखवतील, मग ती गळती टाकीची का असेना. कठड्याच्या आतल्या बाजूला फास्टनर, नाहीतर सिमेंटचा जड ठोकळा आणि त्यात पाइप. खिडकीच्या ग्रिलला बांधलेली छत्री मला मान्य नाही. ग्रिल वाऱ्यात थरथरते, आणि या छत्रीला एक-दोन अंशही भारी पडतात. उंच मजल्यावर भिंतीच्या बाहेरच्या बाजूचं काम असेल तर पट्टा लावून काम करणारा माणूस बोलवा, तिथे घरचा उत्साह नको.

वायर आरजी-६, म्हणजे डीटीएचला वापरतात ती जाड गोल केबल. आतली तार पूर्ण तांब्याची मागा. लोखंडावर तांब्याचा मुलामा दिलेली जवळच्या अंतराला चालते, पण लांब वायरमध्ये एलएनबीला पोचणारा व्होल्टेज घटतो. सुतळी घेऊन छत्रीच्या जागेपासून प्रत्येक टीव्हीपर्यंत खरोखर मापून घ्या, वळणांसकट, आणि दोन मीटर जास्त धरा. मधे जॉइंट नको. भिंतीतला कंड्यूट (वायरीचा पाइप) मोकळा आहे का ते स्प्रिंग घालून आधीच तपासा. नसेल तर केसिंग पट्टी कुठून जाईल हे घरातल्या ज्या व्यक्तीला ती रोज दिसणार आहे तिला विचारून ठरवा. घरात शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं आणि वायरवरून आत येत नाही. वायरच्या टोकाचा एफ कनेक्टर दाबून बसवायचा घ्या, पिळून बसवायचा नको. गच्चीवरच्या प्रत्येक कनेक्टरवर रबरी टोपी आणि वरून ताणून बसवायची रबर टेप हवी. खाडीची हवा नवी मुंबईत बोल्ट दोन पावसाळ्यांत खाते, म्हणून बोल्ट गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस.

बॉक्स घेताना एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चालणारा आहे ना हे पाहा. जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसतच नाहीत. घरातल्या नव्या टीव्हीच्या मेनूत ‘सॅटेलाइट’ हा पर्याय असेल तर वायर थेट त्यात लावून बघा, कदाचित एका खोलीचा बॉक्स वाचेल. स्वयंपाकघरातला जुना टीव्ही असेल तर त्याच्या बॉक्सला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची जागा हवी. जुन्या डीटीएचची छत्री माळ्यावर पडली असेल तर ती वापरा, आकार तोच चालतो, फक्त तोंड फिरवावं लागतं.

जोडणीच्या दिवशी दोन माणसं आणि दोन चार्ज केलेले फोन लागतात. एक गच्चीवर पाना घेऊन, दुसरा टीव्हीसमोर. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचे दोन आकडे दिसतात; खालच्याने त्यातली स्ट्रेंग्थ वाचून उपयोग नाही, क्वालिटी वाचायची. शेजारीच, ९५ अंशांवर, दुसऱ्या एका डीटीएचचा उपग्रह आहे. तिकडे छत्री लागली तर स्ट्रेंग्थ छान दिसते आणि वाहिनी एकही येत नाही. छत्री दिसते त्याहून बरंच वर बघत असते, त्यामुळे ती आकाशाकडे फार उताणी करू नका. क्वालिटी आली की शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा थोडा फिरवा. आपल्याकडून हा उपग्रह बराच पूर्वेला असल्याने एलएनबी सरळ ठेवून पुरत नाही, आणि पावसातला आधार याच फिरवण्यात मिळतो.

वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि एप्रिलच्या आसपास यादी बदलते, तेव्हा सगळ्या खोल्यांत पुन्हा स्कॅन करावं लागेल. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना खोलीचं नाव चिकटवा. कोरड्या दिवशीची क्वालिटी प्रत्येक बॉक्सच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा. धो-धो पावसात चित्र गेलं आणि पाऊस ओसरल्यावर आकडा परत आला, तर काही करायचं नाही. ऊन पडल्यावरही सगळ्या खोल्यांत आकडा खालीच राहिला, तर छत्री हलली आहे. एकाच खोलीत राहिला, तर त्या वायरच्या कनेक्टरमध्ये पाणी आहे.