कर्करोगाच्या संशोधनासाठी घरची माहिती कशी जमवावी

कर्करोगामागे आनुवंशिक दोषांचा वाटा किती आणि परिसराचा किती, हे ठरवायला शे-दोनशे रुग्ण पुरत नाहीत. म्हणूनच युरोपातील 10 देशांनी मिळून 5 लाखांहून अधिक लोकांची माहिती जमवली आणि त्यांतील बहुतेकांचे रक्तनमुने जपून ठेवले. आपल्या शेजारच्या बार्शीत 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू आहे. उद्या एखादे संशोधन पथक तासगाव-मिरज भागात आपल्या दारी आले, तर रक्त दोन मिनिटांत देऊन होईल. तयारी लागते ती माहितीची.

आधी वंशावळ मांडावी. आजी-आजोबांपासून तीन पिढ्यांतील प्रत्येकापुढे आजार कोणत्या अवयवाचा होता आणि कोणत्या वयात लक्षात आला, हे लिहावे. जुनी माणसे रोगाचे नाव घेत नाहीत. ‘गाठ आली होती’, ‘घास उतरत नव्हता’ एवढेच सांगतात. तेच शब्द जसेच्या तसे उतरवावेत, अंदाजाने निदान लिहू नये. बायोप्सीचा जुना कागद सापडला, तर तो अशा दहा आठवणींपेक्षा मोलाचा. स्तनाच्या कर्करोगासाठी आईकडचीच माणसे विचारात घ्यायची, हा समज चुकीचा आहे, कारण 1994 साली ओळखल्या गेलेल्या बीआरसीए-1 या जनुकातील दोष वडिलांकडूनही मुलीकडे येऊ शकतो. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झाले असेल, तर तेही न संकोचता नोंदवावे. अशा नात्यामुळे आनुवंशिकतेचे गणित बदलते.

त्यानंतर राहणीमान. मिश्री कोणत्या वयापासून आणि दिवसातून किती वेळा, सुपारी खातात का, चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केला, हे प्रत्येकाला वेगवेगळे विचारावे. सुनांच्या बाबतीत माहेरची वर्षे हमखास सुटतात. निर्यातीच्या द्राक्षांसाठी ठेवलेली फवारणीची वही रद्दीत घालू नये. औषधाचे नाव, प्रमाण आणि तारीख इतकी नेमकी दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

संमतीपत्र मराठीत मागून घ्यावे व त्याची प्रत जवळ ठेवावी. नमुना किती वर्षे ठेवणार, इतर संस्थांना देणार का आणि काही दोष आढळल्यास आपल्याला कळवणार का, हे सही करण्यापूर्वीच विचारावे. सहभाग केव्हाही मागे घेता येतो आणि त्यामुळे उपचार अडत नाहीत. घरात कुणालाच हा आजार नाही म्हणून पथकाला परत पाठवू नये, कारण रुग्णांशी तुलना करायला निरोगी माणसांची माहितीही तितकीच लागते.