चालुक्य मंगलेशाविषयी लिहिताना या चुका टाळा

बदामीच्या चालुक्यांवर लिहिणाऱ्या नवोदितांची टिपणे मी अनेक वर्षे तपासत आलो आहे, आणि मंगलेशाच्या प्रकरणात त्याच त्या चुका पुन्हा समोर आल्या की मनापासून वाईट वाटते. पुतण्याला, म्हणजे दुसऱ्या पुलकेशीला, डावलून आपल्या मुलासाठी सिंहासन राखू पाहणारा आणि त्यापायी इ.स. 609-10च्या सुमारास राज्य व प्राण दोन्ही गमावणारा हा राजा दोन ओळींत उरकण्याजोगा नाही.

सर्वांत चिवट चूक कालगणनेची आहे. बदामीच्या तिसऱ्या लेण्यातील संस्कृत लेखात शक राजाच्या राज्याभिषेकापासून पाचशे वर्षे उलटल्याचा आणि राज्याच्या बाराव्या वर्षाचा उल्लेख आहे. लेख मंगलेशाचा, तेव्हा बारावे वर्षही त्याचेच, असे घाईने धरले जाते. एका होतकरू विद्यार्थ्याने केलेल्या कालपटात मंगलेशाची कारकीर्द इ.स. 566पासून सुरू होत होती आणि पुढची सारी पाने त्याच आकड्यावर उभी होती. आधार विचारला तेव्हा त्याने कुठल्याशा तयार टिपणाकडे बोट दाखवले. मी त्याला बदामीला नेले. छापील वाचन हातात घेऊन आम्ही लेखासमोर बसलो आणि शब्दाखाली बोट ठेवत पुढे सरकलो. विष्णूच्या मूर्तीची स्थापना आणि गावाचे दान सांगून झाल्यावर मंगलेश त्याचे पुण्य सूर्य आणि अग्नी यांच्या साक्षीने थोरल्या भावाला, म्हणजे दुसऱ्या पुलकेशीच्या बापाला, कीर्तिवर्म्याला, अर्पण करतो आणि भावाच्या सेवेचे फळ तेवढे स्वतःसाठी मागतो. तिथे तो मुलगा थांबला आणि म्हणाला, "सर, म्हणजे राज्य अजून भावाचंच होतं." होय, बारावे वर्ष कीर्तिवर्म्याचे, आणि उलटलेल्या 500 वर्षांत 78 मिळवले की साल येते इ.स. 578.

पडताळा बदामीजवळच्या महाकूटच्या स्तंभलेखात आहे. तिथे मंगलेशाचे पाचवे राज्यवर्ष इ.स. 602च्या सुमारास पडते, म्हणजे तो गादीवर आला 597च्या आसपास. एका लेखातील राज्यवर्ष दुसऱ्या लेखाशी जुळवून पाहिल्याशिवाय मी कागदावर उतरवत नाही, आणि इतरांनीही उतरवू नये. तयार कालपट उचलणे ही बचत नसून पुढच्या दहा जणांच्या गळ्यात बांधलेली धोंड आहे.

किरकोळ वाटणाऱ्या चुकाही टाळाव्यात. मंगलेश हा दुसऱ्या पुलकेशीचा काका. पहिला पुलकेशी मंगलेशाचा बाप. मंगलेशाने जिंकलेले रेवतीद्वीप म्हणजे वेंगुर्ल्याजवळचे रेडी, गुजरातेत शोधू नये. मंगलेशाने केलेला कलचुरी घराण्यातील बुद्धराजाचा पराभव आणि चालुक्य कुळातीलच स्वामिराजाचा वध यांसाठी कुडाळ तालुक्यातील नेरूरचा ताम्रपट वाचावा.

दुसरी मोठी चूक ऐहोळे प्रशस्तीची, म्हणजे ऐहोळे येथील दुसऱ्या पुलकेशीच्या स्तुतिपर शिलालेखाची. रविकीर्तीने ती इ.स. 634-35मध्ये, विजयी पुलकेशीच्या छत्राखाली रचली. तिच्यातील काकाचा मत्सर हा जेत्याच्या कवीचा शब्द आहे, साक्षीदाराची जबानी नव्हे. तरीही तोच कवी मंगलेशाचे रेवतीद्वीप जिंकणे मोकळेपणाने गौरवतो: समुद्रात प्रतिबिंबित झालेली त्याची सेना त्याला आज्ञेसरशी धावून आलेल्या वरुणाच्या सैन्यासारखी दिसते. हा श्लोक गाळून फक्त खलनायक उचलणारे लेखन मला अप्रामाणिक वाटते. पुढे पुलकेशी देशोधडीला लागतो, मंत्र (म्हणजे सल्लामसलत) आणि उत्साह या शक्तींच्या बळावर काकाला चोहोबाजूंनी दुबळा करतो, आणि मुलाला राज्य देण्याच्या खटपटीसह मंगलेश राज्यही सोडतो, जीवितही. बहुतेक लेख इथे संपतात. प्रशस्ती मात्र संपत नाही. छत्र मोडताच जग शत्रूंच्या अंधाराने वेढले गेले, असे ती म्हणते, आणि अप्पायिक व गोविंद हे दोन शत्रू हत्तींची दळे घेऊन भीमेच्या उत्तरेचा मुलूख जिंकायला निघतात.