नाशिकरोडहून थेट कोची : रिटायर्ड जोडप्यासाठी सावकाश ट्रिपचा प्लॅन

समुद्रच बघायचा असेल तर आपल्याला नाशिकहून मुंबई-अलिबाग जवळ आहे, पण जुनं चालतं बंदर, होड्या, अगदी समोरून जाणारी मोठाली जहाजं आणि पोर्तुगीज, डच, ज्यू, गुजराती, कोकणी असं सगळं चालत्या अंतरात बघायचं असेल तर कोचीला जा. आणि साठीनंतर जायचं तर टूर कंपनीच्या बसमधून नको, दोघांनीच जा, कारण टूरवाले कोची अर्ध्या दिवसात उरकतात आणि मुन्नारला पळवतात. इथे मजा आहे ती बसून राहण्यात. मी सांगते तो हिशोब चार रात्रींचा आहे, कमीत कमी तीन तरी ठेवाच.

आधी तिकीट. नाशिकरोडला थांबणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस थेट एर्नाकुलम जंक्शनला, म्हणजे कोचीच्या स्टेशनला जाते, मुंबईला जाऊन गाडी बदलायची कटकट नाही. बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. सिनियर सिटीझनची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे ती आहेच, पण खालच्या बर्थचा कोटा चालू आहे, पुरुष ६० च्या पुढे आणि बाई ४५ च्या पुढे असेल तर तो मिळतो, फक्त एका तिकिटावर एक किंवा दोनच माणसं हवीत. म्हणजे नणंद-भावजय सोबत येणार असतील तर त्यांचं तिकीट वेगळं काढा, एकत्र काढलंत की कोटा गेला आणि मग ह्यांना वरच्या बर्थवर चढायला लागणार. अजून एक, गाडी नाशिकरोडला रात्री बारानंतर येत असेल तर तारीख पुढच्या दिवसाची धरायची, झोपेतून उठून स्टेशनवर जाताना हा घोळ नको. आणि कोकण रेल्वेचं पावसाळ्याचं टाइमटेबल वेगळं असतं, तेव्हा जून ते ऑक्टोबरमधे जाताय तर येण्याजाण्याच्या वेळा परत एकदा बघून घ्या. खरं तर डिसेंबर ते फेब्रुवारीतच जा. केरळात जूनचा पाऊस वेगळा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा परतीचा पाऊस वेगळा, आणि उन्हाळ्यात तिथली चिकचिक आपल्या नाशिकच्या कोरड्या हवेतल्या माणसाला सहन होत नाही. स्वेटर फक्त स्टेशनपर्यंत लागतो.

एक अख्खा दिवस आणि एक रात्र गाडीत जाते, पण कंटाळा येत नाही. पनवेलनंतर कोकण सुरू होतं, रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो आणि रत्नागिरीनंतर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल. खाली बघायची तयारी असेल तर बघा. दशम्या, धपाटे, चटणी, चिवडा घरून न्या, फळं वाटेत मिळतात.

आता राहायचं कुठे, ह्यावर सगळी ट्रिप अवलंबून आहे. स्टेशन आहे एर्नाकुलममधे, ते मोठं गजबजलेलं शहर, आणि बघण्यासारखं बहुतेक सगळं आहे फोर्ट कोची आणि मट्टनचेरीत, पाण्याच्या पलीकडे. लोक स्टेशनजवळ हॉटेल घेतात आणि रोज येऊन-जाऊन दमतात. तुम्ही फोर्ट कोचीतच होमस्टे घ्या, भरपूर आहेत, घरातलीच माणसं सकाळी गरम अप्पम करून घालतात. बुक करताना दोनच गोष्टी फोनवर नीट विचारा, खोली तळमजल्यावर आहे का आणि बाथरूम कमोडचं आहे का. जुन्या डच पद्धतीच्या घरांचे लाकडी जिने उभे आणि अरुंद असतात, फोटोत छान दिसतात पण रात्री उतरायला नकोत.

फिरण्यासाठी शक्य तिथे बोटच घ्या. एप्रिल २०२३ मधे कोचीत वॉटर मेट्रो सुरू झाली, बॅटरीवर चालणाऱ्या एसी बोटी, कोचीन शिपयार्डमधेच बांधलेल्या. हायकोर्टाजवळच्या टर्मिनलवरून फोर्ट कोचीला येते. तिचा धक्का तरंगता आहे, म्हणजे भरती असो ओहोटी असो, बोट आणि फलाट एका लेव्हलला राहतात, पाय उचलून उडी मारावी लागत नाही, गुडघेवाल्यांना ह्याहून मोठं सुख नाही. सरकारी जुन्या बोटीही आहेत, अगदी थोड्या पैशात, पण त्यात चढताना कुणाचातरी हात धरावा लागतो. आणि फोर्ट कोचीहून वायपीनला जाणारी रो-रो, जिच्यात गाड्या, माणसं सगळंच चढतं, तिच्यात काही काम नसताना एकदा जाऊन परत या. बंदराचं तोंड तिथेच आहे, कंटेनरची जहाजं एवढ्या जवळून जातात की मान वर करून बघावं लागतं, आणि नशीब असेल तर डॉल्फिनही दिसतात. समोर विलिंग्डन बेट दिसतं ते माणसाने केलेलं आहे, १९२० नंतर रॉबर्ट ब्रिस्टो ह्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली खाडीतला गाळ उपसून खोल वाट केली आणि त्याच गाळाची भर टाकून बेट उभं केलं. त्याच्याही कितीतरी आधी, १३४१ मधे पेरियार नदीला मोठा पूर आला, जुनं मुझिरिस बंदर गाळाने बुजलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं असं सांगतात. हे आधी माहीत असलं की रो-रोतून बघताना वेगळंच वाटतं.

वारांचा हिशोब मात्र नीट करा. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद, ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद. म्हणजे मट्टनचेरी सोमवार ते गुरुवारमधे टाका, हे दोन्ही एकमेकांच्या शेजारीच आहेत. राजवाडा पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमाराला बांधून राजाला दिला, नंतर डचांनी दुरुस्त केला म्हणून लोक डच पॅलेस म्हणतात. बाहेरून साधा दिसतो, पण आत राजाच्या शेजघराच्या भिंतींवर रामायण रंगवलंय, दशरथाच्या यज्ञापासून पुढे. तांबड्या-पिवळ्या मातीच्या रंगांत, भिंतीवर बोटभर जागा रिकामी नाही. आपण पंचवटीची माणसं, गाईड कशाला लागतो, दोघं हळूहळू एकेक प्रसंग ओळखत जा, तासभर कुठे जातो कळत नाही. फोटो काढू देत नाहीत, उलट बरंच आहे. सिनेगॉग १५६८ चं. आत जमिनीवर चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या हातरंगाच्या फरश्या आहेत, चपला काढाव्या लागतात म्हणून बंद नसलेल्या, पटकन निघणाऱ्या चपला घाला. तिथून जवळच धर्मनाथ जैन मंदिर आहे, दुपारी बाराच्या पुढे कबुतरांना दाणे घालतात तेव्हा जा.

फोर्ट कोचीत सेंट फ्रान्सिस चर्च बघा, मूळ १५०३ चं. वास्को द गामा १५२४ मधे कोचीतच गेला, त्याला इथे पुरलं होतं, नंतर १५३९ मधे अवशेष लिस्बनला नेले, पण जमिनीतला दगड अजून दाखवतात. मग तिथून चालत मासे पकडायच्या चिनी जाळ्यांकडे. सगळे संध्याकाळी सूर्यास्ताला गर्दी करतात, तुम्ही सकाळी सातला जा. एकेक जाळं म्हणजे मोठं लाकडी यंत्रच, एका टोकाला जाळं आणि दुसऱ्या टोकाला दोऱ्यांना बांधलेले मोठाले धोंडे. एक माणूस ओंडक्यावरून पाण्याच्या दिशेने चालत जातो, त्याच्या वजनाने जाळं पाण्यात बुडतं आणि मागचे धोंडे वर जातात, मग थोड्या वेळाने चारपाच जण मिळून दोर ओढतात, धोंडे एकेक करून लाकडावर टेकतात आणि जाळं पाणी गाळत वर येतं. मासे कधी ओंजळभर तर कधी काहीच नाही. ते तुम्हालाही दोर ओढायला बोलावतात, नंतर पैसे मागतात, द्यायचे असतील तर आनंदाने द्या, पण खांदा दुखत असेल तर लांबूनच बघा.

एका संध्याकाळी कथकली ठेवा, आणि खेळाच्या तासभर आधी जाऊन मेकअप बघा. कलाकार जमिनीवर उताणा झोपतो आणि दुसरा माणूस त्याच्या गालाच्या कडेने तांदळाच्या पिठाचा लेप लावून पांढरी कड बसवतो, फार संथ काम असतं. मला तर खेळापेक्षा हेच जास्त आवडलं.

जेवणाचं टेन्शन घेऊ नका. पोळीसाठी हटून बसू नका, आपले घडीचे फुलके तिथे कुठले, पण अप्पम आणि भाज्यांचा इष्टू, तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या चण्याची कडला करी, केळीच्या पानावरचं साधं शाकाहारी जेवण, सगळं पोटाला हलकं आहे. तिथला जाडा तांबूस भात आवडत नसेल तर पांढरा मागा, मिळतो. हॉटेलात बसलं की कोमट गुलाबी पाणी आणून ठेवतात, ते खराब नाही, पतिमुगम नावाच्या झाडाचं लाकूड घालून उकळलेलं असतं, बिनधास्त प्या, बाहेरच्या साध्या पाण्यापेक्षा तेच चांगलं. मासे खाणारे असाल तर करीमीन सोडू नका. मट्टनचेरीत गुजराती आणि कोकणी लोकांची जुनी वस्ती आहे, त्यामुळे शुद्ध शाकाहारी जागाही सापडतात.

मंदिरात जायचं असेल, म्हणजे एर्नाकुलमचं महादेवाचं वगैरे, तर पुरुषांना शर्ट काढावा लागतो, घरातलं एखादं साधं पांढरं धोतर बॅगेत टाका. दुपारी बारा ते चार मंदिरं बंद असतात, आणि तुम्हीही तेव्हा खोलीत पंख्याखाली आडवे व्हा, त्या दमट उन्हात फिरून बीपी वाढवून घेण्यात अर्थ नाही. रिक्षावाला फार स्वस्तात पूर्ण दिवस फिरवतो म्हणाला तर समजा की मधे तीनचार शोरूम आहेत, आधीच सांगा की दुकानात थांबायचं नाही, मीटरचे नीट पैसे घे. मिरी, वेलची घ्यायचीच असेल तर स्थानिक लोक जिथे किराणा घेतात तिथून घ्या, सिनेगॉगच्या आजूबाजूच्या ज्यू टाऊनच्या दारातून नको.

चौथा दिवस शिल्लक असेल तर मेट्रो रेल्वेने त्रिपुणितुराला जा, तिथे कोचीच्या राजांचा हिल पॅलेस आहे, आत दागिने, पालख्या, आणि बाहेर भरपूर झाडं, बाकं. टेकडीवर आहे म्हणून खालून चालू नका, रिक्षा दारापर्यंत न्या, आणि सोमवारी तो बंद असतो.