हायस्कूल फुटबॉल संघासाठी पैसे उभे करताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉल (हेल्मेट घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल) संघाच्या बूस्टर क्लबची, म्हणजे संघासाठी पैसे उभारणाऱ्या पालकांच्या मंडळाची, पहिली सभा दरवर्षी एकाच वळणाने जाते. कुणी म्हणतं कार वॉश ठेवू, कुणी म्हणतं कुकी डो विकू, तिसऱ्याला रॅफल, म्हणजे तिकिटं विकून बक्षिसाची सोडत, हवी असते. पैसे किती हवेत, कशासाठी हवेत आणि कोणत्या महिन्यात हवेत, हे मात्र कुणी विचारत नाही. मग नोव्हेंबरमध्ये हंगाम संपतो, सगळे दमलेले असतात आणि डिसेंबरात हेल्मेटच्या रिकंडिशनिंगचं (तपासणी-दुरुस्तीचं) बिल येतं.

आकडा न ठरवता सुरुवात करणं

"संघाला मदत करा" या वाक्यावर माणूस पाच डॉलर देतो. "बारा हेल्मेटं बाद झाली आहेत, ती बदलायची आहेत" म्हटलं की तोच माणूस पन्नास देतो. त्यामुळे जुलैत कोचला घेऊन सामानाच्या खोलीत बसा आणि प्रत्येक हेल्मेट उलटं करून आतल्या लेबलवरची तारीख वाचा. रिकंडिशनिंग करणाऱ्यांची संघटना एनएईआरए हिचे सदस्य दहा वर्षांपेक्षा जुनं हेल्मेट हातात घेत नाहीत. म्हणजे त्या वर्षी किती नवी लागणार, हे अंदाजाने नव्हे, मोजून कळतं. त्याखाली बाकीची यादी लिहा : पॅड, बाहेरगावच्या सामन्यांआधीचं जेवण, चित्रफितीच्या सॉफ्टवेअरची वर्गणी. प्रत्येक ओळीपुढे रक्कम आणि महिना. ही यादी एका पानावर मावत नसेल, तर तुम्ही हौस आणि गरज एकत्र केली आहे.

कुणी घरातली जुनी हेल्मेटं दान देऊ केली तर आभार मानून नको म्हणा. नॉक्सीचं (खेळाच्या सामानाची सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र नसलेलं हेल्मेट सामन्यात चालत नाही, आणि इतिहास माहीत नसलेलं हेल्मेट कुणाच्याही मुलाच्या डोक्यावर ठेवू नये.

"माझ्या मुलाने विकलं, म्हणजे माझ्या मुलाची फी कमी"

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच, आणि ती करणाऱ्यांना आपण न्याय करतोय असंच वाटत असतं. पद्धत अशी : प्रत्येक खेळाडूच्या नावे क्लबच्या वहीत एक खातं. ज्याने दुकानांच्या सवलतीची वीस कार्डं विकली, त्याच्या खात्यावर तेवढा नफा जमा. त्यातून त्याची कॅम्पची फी किंवा जर्सीचे पैसे वळते करायचे. जो विकणार नाही, त्याने खिशातून भरायचे. ऐकायला रास्त आहे. करमाफी असलेल्या संस्थेसाठी मात्र ते घातक आहे.

बूस्टर क्लबला 501(सी)(3), म्हणजे करमाफी असलेल्या धर्मादाय संस्थेचा दर्जा मिळतो तो सगळ्या खेळाडूंच्या भल्यासाठी. गोळा झालेला पैसा ज्याने गोळा केला त्याच्याच घरी वळत असेल, तर ती सार्वजनिक संस्था उरत नाही, काही कुटुंबांनी मिळून चालवलेली सवलत योजना होते. व्हर्जिनियातल्या कॅपिटल जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबचं नेमकं हेच झालं. तिथे पालक वस्तू आणि दुकानांची कार्डं विकत. विक्रीच्या नफ्यावर गुण मिळत आणि त्या गुणांनी आपापल्या मुलांचा स्पर्धांचा खर्च कमी होई. आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) करमाफी काढून घेतली, क्लब टॅक्स कोर्टात गेला आणि 2013 साली हरला. क्लबचा युक्तिवाद होता की फुकटे लोक नकोत, म्हणून ही पद्धत. कोर्टाच्या लेखी, ज्यांनी विकलं त्यांचाच फायदा झाला, हा खासगी लाभ होता. खेळ जिम्नॅस्टिक्सचा होता म्हणून फुटबॉलवाल्यांनी निश्चिंत राहू नये. नियम खेळ पाहून बदलत नाही.

यावर दरवर्षी येणारा प्रश्न : मग आळशी पालकांचं काय? काही नाही. दहा घरं राबतील आणि तीस घरं बसून राहतील, हे गृहीत धरूनच अंदाजपत्रक करा. सगळा पैसा एका भांड्यात टाका आणि त्यातून सर्वांचा खर्च सारखा कमी करा. ज्या कुटुंबाला खरोखर परवडत नाही, त्याच्यासाठी वेगळा मदतनिधी ठेवा. त्याचा निकष गरज असावा, विक्री नव्हे, आणि निर्णय दोन-तीन जणांनी गुपचूप घ्यावा. मुलांना चुरस हवी असेल तर सर्वाधिक विकणाऱ्याला टी-शर्ट द्या. बिलात सूट देऊ नका. पालकांना "इतके विका नाहीतर इतके भरा" असं पत्रही पाठवू नका. गाजर असो वा चाबूक, अडचण एकच.

कन्सेशन स्टँड : हाफटाइमचं गणित न करणं

शुक्रवारच्या सामन्याचा खाण्यापिण्याचा स्टँड हा बहुतेक क्लबांचा मुख्य गल्ला, आणि तिथेच घोडं पेंड खातं. हाफटाइम 15 मिनिटांचा असतो, होमकमिंगसारख्या (माजी विद्यार्थी शाळेत परत येतात त्या सोहळ्याच्या) दिवशी आधी ठरवून 20 मिनिटांपर्यंत नेता येतो. एका गिऱ्हाइकाला 40 सेकंद धरले तर एका खिडकीतून 15 मिनिटांत जेमतेम 22 माणसं निघतात. चार खिडक्यांतून 90 च्या आत-बाहेर. रांगेत दोनशे उभे असतील तर उरलेले तिसरा क्वार्टर सुरू झाला की परत जातात, आणि ते पैसेही जातात.

होमकमिंगची रात्र कशी फसते, ते ओळीने पाहा. पाच वाजता तीनशे हॉट डॉग उकळून ठेवले जातात. साडेसातपर्यंत ते सुरकुतलेले आणि कोमट. बाटल्या बर्फात टाकल्या सहाला, म्हणून पहिल्या शंभर जणांना गरम सोडा. भाव ठेवले पावणेदोन आणि सव्वातीन डॉलर, तेव्हा गल्ल्यात नाण्यांची शोधाशोध. कार्डाचं यंत्र एकच, तेही एका पालकाच्या फोनला जोडलेलं, आणि गच्च भरलेल्या स्टेडियममध्ये नेटवर्क रांगतं. पहिल्या क्वार्टरमध्येच एक डॉलरच्या नोटा संपतात. पंधरा पदार्थांची पाटी वाचण्यात माणसं खिडकीशी थबकतात. शेवटी ऐंशी बन उरतात, आणि थकलेली एक आई पैशांची पेटी "आजची रात्र घरी ठेवते" म्हणून गाडीत टाकते. सोमवारी मोजल्यावर 180 डॉलर कमी. चोरी झाली की मोजताना चूक, की सुटे देताना घोळ, हे कधीच कळत नाही. उरतो तो संशय, आणि तो पुढच्या हंगामापर्यंत टिकतो.

यावर आमच्याकडची सवय अशी. पदार्थ सहाच. भाव पूर्ण डॉलरमध्ये. प्रत्येक खिडकीच्या पेटीत शंभर डॉलरचे सुटे : एकच्या 40, पाचच्या 8, दहाच्या 2. पेटी देताना-घेताना सही. बाटल्या दुपारी तीनला बर्फात, आणि बर्फात थोडं पाणी, कारण नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा बर्फाचं पाणी बाटलीला चहूबाजूंनी लागतं. दुसऱ्या क्वार्टरची सहा मिनिटं उरली की हॉट डॉग फॉइलमध्ये गुंडाळायला घ्या. घड्याळ थांबत-थांबत चालतं, त्यामुळे हात पुरतात. ग्रिलवरच्या हॅम्बर्गरचा गाभा 160 फॅरनहाइटला पोचलाच पाहिजे. रंगावर विश्वास ठेवू नका, थर्मामीटरचा काटा टोचून बघा. शिजवून ठेवलेलं 135 च्या वर ठेवा. कार्डाची यंत्रं दोन, आणि त्यांचं ऑफलाइन चालणं आदल्या दिवशी तपासलेलं.

पैसे मोजायला दोन माणसं, दोन वेगळ्या घरांतली. नवरा-बायको म्हणजे हिशेबापुरता एकच माणूस. मोजणी तिथेच, दार लावून. चिठ्ठीवर दोघांच्या सह्या, आणि पिशवी त्याच रात्री बँकेच्या नाइट ड्रॉपमध्ये (बँक बंद असताना पैसे टाकायच्या पेटीत). शिवाय बन मोजा : सुरुवातीला किती, शेवटी किती, खिडकीतून गेले किती. गल्ला आणि बन जुळत नसतील तर गडबड कुठे, ते त्याच रात्री सापडतं. "एवढं कशाला, आपलीच माणसं आहेत" असं म्हणणाऱ्याला गल्ल्यावर बसवू नका. आपली माणसं आहेत, म्हणूनच हे करायचं.

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

रेस्टॉरंटची रात्र घ्या. हॉटेलवाला साधारण 10 ते 20 टक्के देतो, आणि तेही फक्त क्लबचं पत्रक दाखवणाऱ्यांच्या बिलावर. चाळीस घरांनी तीस-तीस डॉलरचं जेवण केलं तर 1,200 ची विक्री, आणि 15 टक्क्यांनी हाती 180. त्यासाठी चाळीस घरांनी 1,200 खर्चले. मजा म्हणून करा, उत्पन्न म्हणून मोजू नका.

ऑनलाइन मोहिमेचंही तेच. काही कंपन्या जमलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा घेतात, आणि प्रत्येक मुलाकडून वीस ईमेल पत्ते मागतात. आजी-आजोबा, मावशी, काका हे तुमचे भांडवल आहे. ते परक्याच्या यादीत टाकण्याआधी, तीच पत्रं क्लबने स्वतः पाठवली तर काय होईल, ते बघा. पटकन होतं म्हणून पाचवा हिस्सा सोडणं हे आळसाचं भाडं आहे. वेळ खरोखर नसेल तर द्या, पण मुलांना आणि देणगीदारांना ते आधी सांगा.

वस्तू विकायच्या असतील तर एक हिशेब पुरे : निव्वळ नफा भागिले लागलेले मनुष्यतास. ताशी पाच डॉलर येत असतील तर तो उपक्रम बंद करा, कितीही "परंपरा" असो.

डिस्काउंट कार्डं

कार्डं हंगामाआधी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये विकायची. ऑक्टोबरमध्ये कुणी घेत नाही. दुकानदाराशी तोंडी बोलून छापू नका. सवलत नेमकी काय, कधीपर्यंत, एका वेळेस एकच की कितीदा, हे कागदावर सहीने घ्या. नाहीतर मॅनेजर बदलतो आणि नवीन माणूस कार्ड परत करतो. मुलांना कार्डांचे गठ्ठे देताना क्रमांक लिहून द्या. न विकलेलं कार्ड आणि न दिलेले पैसे, दोन्हींचा माग त्याच क्रमांकावर लागतो. घरोघरी एकट्याला पाठवू नका, जोडी हवी आणि अंधार पडायच्या आत.

लिफ्ट-अ-थॉन

मुलं वजन उचलतात आणि त्यावर देणग्या मिळतात, असा हा उपक्रम. "पौंडामागे अमुक" अशी वचनं घेतात आणि मुलांना एका उचलीचं कमाल वजन लावायला सांगतात. नववीतला मुलगा, तंत्र कच्चं, आजी समोर बसलेली, मित्र ओरडतायत. दुखापतीसाठी आणखी काय हवं? शिवाय तीन उचलींची बेरीज 700 पौंड आणि दर एक सेंट, म्हणजे सात डॉलर. त्या सात डॉलरांसाठी नंतर फोन करत बसायचं. त्याऐवजी सरळ ठरलेली रक्कम त्याच आठवड्यात आगाऊ घ्या, आणि मुलांना रोजच्या सरावातलं, कोचने ठरवून दिलेलं वजन अनेकदा उचलू द्या. वजन सावरायला स्पॉटर दोन्ही बाजूंना.

रॅफल आणि 50-50

दुसऱ्या गावाने केली म्हणून तुम्हीही करू शकता, असं नाही. प्रत्येक राज्याचा नियम निराळा. कॅलिफोर्नियात ॲटर्नी जनरलकडे नोंदणी लागते आणि तिकिटांच्या एकूण रकमेतले 90 टक्के धर्मादाय कामाला जावे लागतात. म्हणजे निम्मे पैसे विजेत्याला देणारी 50-50 शाळेच्या क्लबला तिथे जमतच नाही. युटा आणि हवाईत पैसे घेऊन काढलेली रॅफल जुगारात धरली जाते. आणि तिकीट घेणाऱ्याला "ही करमुक्त देणगी" असं सांगू नका, ती नसते.

थोडक्यात काही

कोचच्या वैयक्तिक व्हेन्मोवर (फोनवरून पैसे पाठवायच्या ॲपवर) पैसे घेऊ नका. क्लबचं खातं, क्लबचा ईआयएन (कर खात्याने संस्थेला दिलेला क्रमांक). शाळेचा ईआयएन वापरणं ही तर सरळ चूक.

कार वॉशचं साबणाचं पाणी पावसाच्या गटारात जाऊ देऊ नका, बऱ्याच शहरांत त्याला मनाई आहे. गवताच्या कडेला गाड्या लावा.

शाळेच्या वेळात मुलांना चॉकलेटं विकू नका. शाळा सुटल्यावर अर्ध्या तासापर्यंत स्मार्ट स्नॅक्सचे, म्हणजे शाळेत विकायच्या खाऊच्या पोषणाचे, नियम लागू असतात.

प्रायोजकाच्या फलकावर नाव, लोगो, पत्ता, फोन चालतं. "गावातला सर्वोत्तम पिझ्झा" लिहिलंत की ती आभाराची पाटी राहत नाही, जाहिरात होते, आणि त्या पैशाकडे आयआरएस वेगळ्या नजरेने बघते.

250 डॉलर किंवा अधिक देणाऱ्याला लेखी पोच द्यायलाच हवी, नाहीतर त्याला करात वजावट मिळत नाही. शंभर डॉलरच्या जेवणाच्या तिकिटात तीस डॉलरचं जेवण असेल तर वजावट सत्तरचीच, आणि 75 च्या वरच्या अशा रकमेला ते लिहून देणं क्लबचं काम. ज्यांच्या कंपन्या देणगीत तेवढीच भर घालतात, अशा पालकांची यादी ऑगस्टमध्येच करा. एक अर्ज भरून येणारा हा पैसा लोक आळसाने सोडतात आणि मग उन्हात गाड्या धूत बसतात.

मोठी रक्कम जमली म्हणून फुटबॉलच्या मुलांना झगमगती लॉकर रूम बांधून देण्याआधी शाळेच्या ॲथलेटिक डायरेक्टरशी बोला. टायटल नाइनखाली (शिक्षणात मुली-मुलांत भेदभावाला मनाई करणाऱ्या कायद्याखाली) पैसा बूस्टरचा आहे ही सबब चालत नाही. मुलींच्या संघांना तशाच सोयी देण्याची जबाबदारी शाळेवर येते, आणि शाळा तुमची देणगी नाकारू शकते.

खजिनदार बदलताना

जुना खजिनदार मुलगा पदवीधर झाला की गाव सोडतो, आणि त्याच्यासोबत बँकेची सही, ईमेलचा पासवर्ड आणि आयआरएसची पत्रं जातात. ईमेल क्लबच्या नावाचा ठेवा, कुणाच्या घरचा नको. जूनमध्येच नवीन सह्या बँकेत नोंदवा, जुना माणूस शेजारी बसलेला असताना. सर्वसाधारण वार्षिक जमा 50,000 डॉलरपर्यंत असेल तर 990-एन हा आयआरएसचा दहा मिनिटांचा वार्षिक ऑनलाइन फॉर्म पुरतो, पण तो सलग तीन वर्षं भरायचा राहिला की करमाफी आपोआप रद्द होते. हिशेबाचं वर्ष 30 जूनला संपणाऱ्या क्लबसाठी त्याची शेवटची तारीख 15 नोव्हेंबर, म्हणजे नेमकी प्लेऑफच्या धांदलीत. तो जुलैतच भरून टाका.