माउंटन बाइकला बार-एंड (हँडलच्या दोन्ही टोकांना बसवायचे आखूड दांडे) लावावेत का?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आरे-वारेमार्गे जाणार असाल तर जरूर लावा. किनाऱ्याच्या या रस्त्याला सपाटी कमीच. खाडीपाशी उतरायचं, लगेच पुढचा डोंगर चढायचा. सरळ हँडलवर तळहात एकाच जागी दाबले जाऊन बोटांना मुंग्या येतात. बार-एंडमुळे पकड बदलता येते, चढावर उभं राहून हँडल ओढायलाही जोर मिळतो.

पण करवंदीच्या जाळ्यांतल्या पायवाटेवर मात्र ते नकोतच. फांदी त्यात अडकली की हँडल गर्रकन फिरतं. आणि उतारावर हात कायम ब्रेकपाशीच हवेत, बार-एंडवर अजिबात नाही. ही सवय लावून घ्याच.

बसवताना ग्रिप, ब्रेक, गिअरचे लिव्हर साधारण दोन सेंटीमीटर आत सरकवा. बार-एंडची टोकं किंचित वर, पुढच्या दिशेला ठेवा. कार्बनचं हँडल असेल तर कंपनीची परवानगी असल्याशिवाय आवळू नका, चिरतं. आपल्याकडची खारी हवा फार वाईट! स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घ्या, आट्यांना ग्रीस लावा. माझा साधा बोल्ट एका पावसाळ्यात असा गंजला, की शेवटी कापूनच काढावा लागला.