डॅशबोर्ड घरीच रंगवताय? आधी या चुका टाळा

ऐरोलीत आमच्या सोसायटीतल्या एका शेजाऱ्यांनी गेल्या हिवाळ्यात गाडीचा सेंटर कन्सोल आणि चारही दारांच्या पट्ट्या काढून रंगवायला घेतल्या. रंग चांगल्यातला होता, हातही स्थिर. पण पहिला हात मारून दोन मिनिटं होत नाहीत तोच पट्टीवर मुगाच्या दाण्याएवढे गोल खड्डे उमटले. प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध जुनं प्लॅस्टिक उघडं, आणि रंग कडेला सरकून वळ्यासारखा साचलेला. रंगारी याला 'फिश आय' म्हणतात. मी न रंगवलेली पट्टी हातात घेऊन बोट फिरवलं, तर बोट सरसर घसरलं. दर रविवारी गाडी धुतली की त्यावर चमक आणणारं पॉलिश फिरायचं, अशी सहा वर्षं गेली होती.

घरी केलेलं रंगकाम फसतं ते बहुतेक वेळा इथेच. बहुतेक डॅशबोर्ड पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं आणि सिलिकॉनवर रंग पसरत नाही, आक्रसतो. त्यात लोक आणखी एक घाई करतात: आधी घासायचा पेपर (सँडपेपर) मारतात, मग पुसतात. त्यामुळे सिलिकॉन चऱ्यांमध्ये रगडलं जातं. क्रम उलटा हवा. पॅनेल भांड्यांच्या साबणाने, मऊ ब्रशने, खाचाखोचांतून धुवा. वाळल्यावर रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या सिलिकॉन रिमूव्हरने पुसा. एका कपड्याने लावा आणि ओला असतानाच दुसऱ्या कोऱ्या कपड्याने टिपून घ्या. एकच कपडा फिरवत राहिलात तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. त्यानंतर पेपर, आणि पेपरनंतर पुन्हा एकदा हीच पुसणी. खड्डे पडलेच असतील तर वरून जाड हात मारून बुजवू नका, ते बुजत नाहीत. पूर्ण वाळू द्या, घासून काढा, धुण्यापासून सुरुवात करा. शेजाऱ्यांनी तसंच केलं, आणि त्या पट्ट्या आजही चांगल्या आहेत.

प्लॅस्टिक कोणतं, ते बघितलंच नाही

पॅनेल उलटं केलं की आतल्या बाजूला इंग्रजीत पीपी किंवा एबीएस अशी अक्षरं उठवलेली दिसतात. त्या दोन-तीन अक्षरांवर पुढचं सगळं ठरतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, रंगाला धरूनच ठेवत नाही. त्यावर साधा प्रायमर मारला तर महिन्याभरात नखाने पोपडे निघतात. त्याला प्लॅस्टिकसाठीचा पारदर्शक प्रायमर, अ‍ॅडहेजन प्रमोटर, आधी लागतो. एबीएसवर रंग सहज बसतो, पण त्याचा शत्रू थिनर. एनसी थिनरने (लॅकर पातळ करायच्या थिनरने) पुसलं की ते मऊ पडतं आणि पुढे बारीक तडे जातात.

गुळगुळीत पॅनेलला 400 नंबरचा वॉटर पेपर पुरतो. दाणेदार पॅनेलवर मात्र पेपर नको, दाणा मरतो. तिथे बारीक स्कफ पॅड (घासणीसारखा खरखरीत पॅड) हलक्या हाताने फिरवा.

चिकट झालेल्या पॅनेलवर थेट रंग

बटणांभोवतीचा, हँडलचा भाग हाताला गुळासारखा चिकटतो, ही आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत नेहमीची तक्रार. कारखान्यात दिलेला मऊ स्पर्शाचा थर ओलाव्याने विघटित झालेला असतो. त्यावर रंग मारणं म्हणजे चिखलावर फरशी बसवणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो थर पूर्ण उतरवा, खालचं कडक प्लॅस्टिक लागेपर्यंत. वेळखाऊ काम आहे, एका हँडलला अर्धा तास सहज जातो. पण पर्याय नाही.

एअरबॅगचं झाकण रंगवू नका

याबाबत मला कुठलीही तडजोड मान्य नाही. 2021 च्या अखेरीपासून शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग सक्तीची आहे, म्हणजे अलीकडच्या गाडीत डॅशबोर्डच्या त्या बाजूखाली ती असतेच. झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटावं लागतं, तेही सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षा कमी वेळात. रंगाचा कडक थर त्या रेषेवर बसला तर फाटणं बिघडू शकतं, आणि रंगाच्या कपच्या समोर बसलेल्याच्या तोंडावर उडू शकतात. स्टिअरिंगचा मधला भाग आणि 'एअरबॅग' लिहिलेले पिलर (काचांच्या कडेचे खांब) यांनाही हाच नियम. शेजारची पॅनेल काढताना बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून काही मिनिटं थांबा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका.

जून ते सप्टेंबर हे काम काढणं

ठाण्यात पावसाळ्यात लॅकर मारलं की वर दुधासारखी पांढरट झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ ओल्या रंगात अडकते. झाक आलीच तर कोरड्या दिवसाची वाट बघून त्याच लॅकरचा अगदी हलका हात द्या, बहुतेकदा ती विरघळून जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा-अकराची वेळ सर्वांत चांगली. फक्त घोडबंदर रोडसारख्या ठिकाणी, जिथे मेट्रोची आणि इमारतींची कामं चालू आहेत, तिथे उघड्या गच्चीवर धूळ बसते. जिन्यावरची हवेशीर खोली मिळाली तर बघा. स्टिल्ट पार्किंगमध्ये स्प्रे करू नका, शेजारच्या गाडीच्या काचेवर तुषार जातात. पॅनेल न काढता बंद गाडीत स्प्रे करणं तर धोक्याचं: कॅनमधला वायू पेट घेणारा असतो. कापडी मास्कने थिनरची वाफ अडत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क घ्या.

कॅन 20 ते 30 सेंटिमीटरवर धरा. पहिला हात इतका पातळ की खालचं प्लॅस्टिक दिसत राहावं, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. ओघळ येतात ते एकाच हातात झाकायच्या मोहाने. डॅशबोर्डच्या वरच्या भागाला चकाकी देऊ नका, उन्हात सगळं प्रतिबिंब काचेत दिसतं आणि समोरचा रस्ता पुसट होतो, तिथे मॅटच.

हाताला कोरडं लागलं म्हणून त्याच संध्याकाळी पॅनेल बसवू नका. आतून रंग मऊ असतो, क्लिप दाबताना अंगठ्याचा ठसा उमटतो. घरात आठवडाभर राहू द्या. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड 70 अंशांच्या आसपास तापतो, कच्चा रंग तिथे टिकत नाही. पुढे पुसायला ओलसर मायक्रोफायबरच वापरा, आणि ती पॉलिशची बाटली डिकीतून काढून टाका.